पाठराखणीचा हिशेब



मुलगी पहिल्यांदा सासरी निघाली की तिच्याबरोबर पाठराखीण धाडण्याची आपल्याकडे रीत होती. कधी धाकटी बहीण जाई, कधी आत्या, कधी आजी. नवख्या घरात पोर बावरू नये, रात्री रडू आले तर उशाशी ओळखीचे माणूस असावे, एवढाच त्यातला हेतू. चार दिवसांनी पाठराखीण माघारी येई आणि पुढचे सारे त्या पोरीला एकटीने निभवावे लागे. आज ज्या योजनांविषयी आम्ही बोलणार आहोत त्यांना इंग्रजीत ‘मेंटरिंग’ असे नाव आहे. बारा ते अठरा वर्षांच्या मुलीला तिच्याहून थोडी मोठी, पुढची वाट पाहिलेली एखादी ताई जोडून द्यायची. त्या ताईने आठवड्याने किंवा पंधरवड्याने तिला भेटायचे, तिचे ऐकून घ्यायचे, शाळा सुटू नये आणि लग्नाची घाई होऊ नये म्हणून तिला बळ द्यायचे. आम्ही या ताईला पाठराखीणच म्हणतो. जुनी पाठराखीण मुलीला सासरी पोचवायला जाई. ही तिला अकाली सासरी जाऊ न देण्यासाठी येते, एवढाच फरक.

विडी कामगारांच्या युनियनमध्ये केस पांढरे केलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे कोणाच्या मनात येईल. आम्ही सोलापूरचे. शाळेतले आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयात. आमच्याकडे विड्या वळतात त्या बहुतेक बायका. कारखान्यातून पाने आणि तंबाखू घरी आणायची, मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, माल कारखान्यात नेऊन द्यायचा, मजुरी हजारावर. आईचा हजार पुरा व्हायचा तर कोणीतरी पाने कापली पाहिजेत, कोणीतरी धाकट्याला सांभाळले पाहिजे. ते कोणीतरी म्हणजे बहुधा आठवी-नववीतली थोरली मुलगी. आईच्या मजुरीसाठी भांडता भांडता ही मुलगी सुपापुढे कधी येऊन बसली, हे आम्हां युनियनवाल्यांच्याही ध्यानात येत नाही.

म्हणून अशा मुलींसाठी कोणी काही करू म्हटले की आम्हांला आनंद होतो. परंतु आम्हांला हिशेब मागण्याची खोड आहे. मालकाकडे हिशेब मागायला आपले लोक शिकले. उपकार करणाराकडे मागायला मात्र अजून जीभ रेटत नाही. दिले आहे ते मुकाट्याने घ्यावे, असा आपला समज. वस्तुतः ज्या पोरीने आपल्या दोन वर्षांच्या संध्याकाळी एखाद्या योजनेला दिल्या, तिने काही थोडे दिलेले नाही. त्या संध्याकाळी फुकट गेल्या की कामी आल्या, हे विचारण्याचा हक्क तिचा आहे.

आता हे ठरवायचे कसे? योजनेचे अहवाल आपण सर्वांनी पाहिले आहेत. दीपप्रज्वलनाचे छायाचित्र, दोन मुलींचे मनोगत आणि शेवटी आकडा, की आमच्याकडे येणाऱ्या शंभर मुलींपैकी इतक्या मुली शाळेत टिकल्या. आकडा खराच असतो. तथापि त्यावरून काहीही सिद्ध होत नाही, आणि का होत नाही हे आमच्या विडीवाल्या बायकांना कोणत्याही पदवीधरापेक्षा लवकर समजते.

माल द्यायला गेलेल्या बाईच्या टोपलीतून तपासनीस चार कट्टे उचलून बघतो आणि त्यावरून साऱ्या टोपलीचा निवाडा करतो. ते चार कट्टे बाईने स्वतः काढून दिले तर ती आपले नामी कट्टेच पुढे करणार. तपासनिसाने पारखून उचलले, आणि माल नापास करायचा असे त्याने आधीच मनात घेतले असेल, तर त्याच्या हाताला नेमके सैल कट्टे लागणार. दोन्ही वेळा टोपली तीच; निवाडा मात्र उचलणाराच्या मनासारखा. म्हणून बायकांचे म्हणणे नेहमी एकच असते: साहेब, टोपली हलवा आणि न बघता उचला.

योजनेची टोपलीही अशीच असते. ताईकडे आपण होऊन कोण येते? जिची आई तिला तासभर मोकळी सोडते, जिला शाळेची आधीच गोडी आहे, ती. अशी मुलगी ताई नसती तरी बहुधा दहावीपर्यंत गेलीच असती. तिची तुलना न येणाऱ्या मुलीशी केली, तर आईचे श्रेय ताईच्या नावावर जमा होते. कधी याच्या उलटही घडते. हेडमास्तर ज्या मुली हाताबाहेर चालल्या त्याच निवडून ताईकडे धाडतात, आणि वर्षाअखेर ताई बिचारी नापास ठरते. बरे, त्याच मुली आधी कशा होत्या आणि नंतर कशा झाल्या, हे पाहिले तर? तेही फसवे. आपल्या महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी अठरा पुरी होण्याआधी लग्न झालेल्या, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2015-16 साली शेकडा 26 होत्या, त्या 2019-21 मध्ये शेकडा 22 वर आल्या. रस्ते झाले, शाळा जवळ आल्या, काळ बदलला. या मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी योजना चालवल्या, त्या प्रत्येकाला ही घट आपल्यामुळे झाली असे म्हणता येईल. कोंबड्याला वाटते, आपण आरवतो म्हणून उजाडते.

यावर तोड एकच. इच्छुक दोनशे मुलींची यादी करा; ताया पुरतात शंभरांनाच. मग चिठ्ठ्या टाका. ज्यांची चिठ्ठी निघाली त्यांना ताई, उरलेल्यांना तूर्त नाही. काही वर्षांनी दोन्ही शंभरांकडे जा आणि मोजा. चिठ्ठीला बापाची दारू दिसत नाही, आईचा खोकला दिसत नाही, मुलीची हुशारी दिसत नाही. म्हणून या साऱ्या गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्या वाटल्या जातात. ज्या गोष्टी विचारायचे कोणाला सुचले नाही त्यासुद्धा. थोडीफार तफावत नशिबाने राहते, पण ती किती राहू शकते याचे गणित बांधता येते, आणि मुली जितक्या जास्त तितकी ती कमी. मग मागाहून जो मोठा फरक दिसतो तो ताईचा.

ही रीत शेतातून आली. रोनाल्ड फिशर नावाच्या इंग्रज गणित्याने 1920 नंतरच्या वर्षांत रॉथमस्टेडच्या शेतीकेंद्रात, कोणत्या वाफ्याला कोणते खत हे चिठ्ठीवर सोडायचा नियम घालून दिला, कारण माणसाने वाफा निवडला की बरी जमीन आवडत्या खताच्या वाट्याला जाते. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे डॉ. पांडुरंग सुखात्मे यांनी 1940 नंतरच्या दशकात याच विचाराने देशात पीककापणीचे प्रयोग बसवले. नजरअंदाजाच्या आणेवारीने पोळलेल्या शेतकऱ्याला त्याचे मोल सांगायला नको.

माणसांवर असा प्रयोग करावा का, हा खरा वादाचा मुद्दा. आमच्या सभासद बायांपुढे आम्ही हा विषय मांडला तेव्हा एक बाई ताडकन उभी राहून म्हणाली, “दादा, आमच्या लेकी काय भिशीतला नंबर आहेत, चिठ्ठी टाकायला?” प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही.

आमचे उत्तर असे. सगळ्यांना पुरेल इतके असेल तर चिठ्ठ्या टाकून काहींना वगळणे हा अन्याय आहे. उपयोग ठाम सिद्ध झालेला असेल तरीही तो अन्यायच. परंतु शंभरच जागा असतील तर दोनशेंपैकी शंभर वगळल्या जाणारच. फक्त वगळतो कोण, एवढेच ठरायचे राहते. आज वगळतो तो वशिला. नगरसेवकाच्या गल्लीतली मुलगी आधी, मास्तरांच्या ओळखीची आधी, अर्ज नीट भरता येणाऱ्या बापाची आधी. चिठ्ठीला वशिला चालत नाही. कारखान्याच्या दारात मुकादम ज्याला बोट दाखवील त्याला काम, ही पद्धत कामगारांच्या कित्येक पिढ्यांनी भोगली आहे. बोट दाखवणाऱ्या माणसापेक्षा आंधळी चिठ्ठी पुष्कळ बरी.

आणि उपयोग होतो हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, असे जे आपण धरून चालतो त्याबद्दल मद्रासची एक हकीगत सांगण्याजोगी आहे. क्षयाचे रोगी आमच्या विडी-तंबाखूच्या धंद्याला नवे नाहीत. क्षयी माणसाला आरोग्यधामातली मोकळी हवा, विश्रांती आणि सकस अन्न मिळाल्याखेरीज नुसत्या औषधाने भागणार नाही, असे जगभरचे वैद्य मानीत. 1956 पासून मद्रासच्या क्षयोपचार केंद्राने 193 गरीब रोग्यांची चिठ्ठीच्याच न्यायाने वाटणी केली: काही आरोग्यधामात, काही आपल्या कोंदट घरात, औषध दोघांना तेच. 1959 साली निकाल छापला गेला. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले होते. खाटा नाहीत म्हणून लाखो गरिबांना परत पाठवण्याचे कारण त्या दिवशी संपले. नुसत्या जाणत्यांच्या मतावर विसंबून राहते तर आणखी किती वर्षे गेली असती कोणास ठाऊक.

कोणी म्हणेल, औषधाचे ठीक. मायेने बोलणाऱ्या ताईने नुकसान तर होणार नाही ना? मग एवढे मोजायचे कशाला? या प्रश्नासाठी अमेरिकेतली एक जुनी हकीगत सांगितली पाहिजे. ती मुलींची नाही, मुलग्यांची आहे. परंतु पाठराखणीच्या योजनेची इतकी लांबवर नेलेली तपासणी क्वचितच सापडेल. बोस्टनचे डॉ. रिचर्ड कॅबट हे सज्जन गृहस्थ. बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतल्या 506 मुलांच्या त्यांनी जोड्या लावल्या, वयाने, घराने, स्वभावाने सारख्या. मग नाणे उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला सल्लागार दिला. 1939 ते 1945 या काळात हे सल्लागार घरी जात, अभ्यास घेत, दवाखान्यात नेत, उन्हाळी शिबिरांना धाडीत. तीस वर्षांनी जोन मॅककॉर्ड या विदुषीने ती मुले, म्हणजे आता पन्नाशीकडे आलेले पुरुष, शोधून काढले आणि 1978 मध्ये निष्कर्ष छापले. सल्लागार लाभलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांनी सांगितले की त्या योजनेने आमचे भले केले. मनापासून सांगितले. नोंदी मात्र वेगळेच बोलत होत्या. पुन्हापुन्हा गुन्हा करणारे, दारूच्या आहारी गेलेले, मनाने खचलेले असे लोक सल्लागार मिळालेल्या बाजूलाच अधिक निघाले. जे वारले ते त्यांच्यातले लवकर वारले. असे का झाले यावर पंडितांचा वाद आजही चालू आहे. आमच्या मते त्यातला मोठा धडा मनोगतांविषयीचा आहे. माणूस आपल्यावर माया करणाराबद्दल चांगलेच बोलतो. अहवालात छापलेले मनोगत खोटे नसते. ते मायेबद्दल साक्ष देते, परिणामाबद्दल नाही.

आता मुलींकडे वळू. पूर्व आफ्रिकेतल्या युगांडा देशात बांगलादेशच्या ‘ब्रॅक’ संस्थेने 2008 च्या सुमारास मुलींचे क्लब काढले. आठवड्यातून पाच दिवस दुपारनंतर उघडायचे, म्हणजे शाळेतल्या मुलींनाही येता येईल. क्लब चालवायला त्याच वस्तीतली, मुलींपेक्षा थोड्याच मोठ्या वयाची पाठराखीण. खेळ, गप्पा, शरीराची आणि बाळंतपणाची माहिती, आणि त्याच्या जोडीला हाताला काहीतरी धंदा. 150 वस्त्यांतून चिठ्ठीने 100 वस्त्यांत क्लब निघाले, 50 वस्त्या तुलनेसाठी राहिल्या. ओरियाना बांदिएरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षांनी मोजले. कमावत्या मुलींचे प्रमाण मूळच्या मानाने जवळजवळ निम्म्याने वाढले होते, कोवळ्या वयातली गरोदरपणे सुमारे एकतृतीयांशाने घटली होती, आणि लवकर संसारात पडणेही पुष्कळच कमी झाले होते.

या हिशेबातली एक गोष्ट आम्हांला फार आवडली. क्लबच्या वस्त्यांतल्या मुलींपैकी क्लबात गेल्या त्या सुमारे पाचांत एक. परंतु मोजताना त्यांनी नुसत्या जाणाऱ्या मुली मोजल्या नाहीत. वस्तीतल्या साऱ्या मोजल्या. युनियनवाल्यांनी हे शिकण्यासारखे आहे. वर्गणी भरणारे, मोर्चाला येणारे, घोषणा देणारे तेवढेच मोजून आम्ही कामगारवर्ग जागा झाल्याचे जाहीर करतो. हजेरीपटावरचे सगळे मोजले तर जाग किती आणि झोप किती ते कळते. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघाली तो आला नाही तरी त्याला त्या बाजूला मोजायचे, ही अट काढून टाकली की टोपली पुन्हा बाईच्या हातात गेली म्हणून समजा.

युगांडाचा निकाल ऐकून उत्साह वाटावा हे साहजिक आहे. मग तीच संस्था, तोच नमुना, शेजारचाच टांझानिया. तिथेही अशीच निवड झाली, तसेच मोजले, आणि मुलींच्या कमाईत, लग्नात, गरोदरपणात दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. योजना राबवायला तिथे साधने अपुरी पडली, असे अभ्यासकांनीच नोंदवले. हा निकाल त्यांनी दाबला नाही, छापला, याबद्दल त्यांना आम्ही युगांडाइतकेच गुण देऊ. नमुन्याचे नाव सारखे म्हणून आतला माल सारखा असत नाही, हे विड्यांच्या धंद्यात रोज दिसते.

आता सोलापुराहून शंभरेक किलोमीटरवर विजयपूरला चला. आपण अजून विजापूरच म्हणतो. तिथे आणि शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात 2014 ते 2017 या काळात ‘समता’ नावाचा उपक्रम झाला. दलित आणि आदिवासी घरांतल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींनी दहावी पुरी करावी आणि त्यांची लग्ने लवकर होऊ नयेत हा उद्देश. मुलींचे गट, घरोघर भेटी, पालकांशी बोलणे, शाळांशी बोलणे, सारे मनापासून केलेले. 80 खेडी, 40 उपक्रमाची, 40 तुलनेची. तीन वर्षांनी एकंदरीत चारांतल्या सुमारे तीन मुलींनी माध्यमिक शाळा पुरी केली होती, आणि दहांतल्या सुमारे एकीचेच लग्न झाले होते. इतके चांगले चित्र, पेढेच वाटायचे! परंतु दुसऱ्या 40 खेड्यांतही चित्र जवळजवळ तसेच होते. एकंदर हिशेबात उपक्रमाचा म्हणून वेगळा परिणाम हाती लागला नाही. ती दुसरी 40 खेडी कोणी मोजलीच नसती तर? आपल्या भागातल्या कित्येक योजनांनी असे पेढे आजवर वाटले असतील, आणि त्यांची दुसरी 40 खेडी कोणी पाहिलेली नाहीत.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, हा विडीवाला शेवटी भाकरीवरच येणार. खरे आहे, आमचा ओढा तिकडेच आहे. बांगलादेशाच्या खेड्यांतल्या एका प्रयोगाने आमच्या बाजूला मोठा आधारही दिला. तिथे चिठ्ठीनेच काही गावांत मुलींचे सबलीकरणाचे गट निघाले, आणि काही गावांत, मुलगी अठरापर्यंत अविवाहित राहिली तर घरी ठरावीक काळाने खाण्याचे तेल द्यायचे ठरले. एरिका फील्ड, रेचेल ग्लेनर्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2023 साली छापून आला. दोन वर्षे तेल मिळण्यास पात्र असलेल्या मुलींत अठरापूर्वीची लग्ने शेकडा 19 ने घटली. सबलीकरणाच्या गटांनी लग्नांत घट झाली नाही. बोलण्याने जे झाले नाही ते तेलाच्या डब्याने केले.

इथे आम्हांला थांबता आले असते, परंतु हिशेब अर्धा वाचून चालत नाही. राजस्थानात अजमेर जिल्ह्यात 119 शाळांची अशीच चिठ्ठीच्या न्यायाने वाटणी झाली. ‘रूम टू रीड’ या संस्थेने नेमलेल्या स्थानिक बाया सहावी-सातवीपासूनच्या मुलींना भेटत. वर्गात जीवनकौशल्यांचे पाठ घेत, गळतीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलीची वेगळी विचारपूस करीत. घरी तेल नाही, धान्य नाही, रोकड नाही. एडमंड्स, फायगेनबर्ग आणि लाइट या तिघांनी मोजले, तो शाळेची गळती एक-चतुर्थांशाने उतरलेली. जिथे चार मुली शाळा सोडीत तिथे आता तीन. आणि हा परिणाम सातवीत दिसून विरला नाही. पुढे हायस्कुलात जातानाही टिकला. मुलींना कोणीतरी मनाने जवळचे मिळाले, हेच अभ्यासकांना त्यामागचे मोठे कारण दिसते. भाकरीशिवाय काही हलत नाही असे मानणाऱ्या आमच्यासारख्यांना हा आकडा सोयीचा नाही, आणि म्हणूनच तो इथे सांगणे आम्हांला आवश्यक वाटले. चारांतल्या तीन अजून जातातच, हेही त्याच आकड्यात आहे. लग्नाला तेल लागले, शाळेला ताई पुरली; दोन्ही प्रश्न आपण ‘मुलींचा प्रश्न’ या एकाच पोत्यात भरतो, तिथे गोंधळ होतो की काय असे आम्हांला वाटते.

मनातले कसे मोजणार, असा एक आक्षेप सुशिक्षित श्रोते नेहमी घेतात. शिकागो हे नाव आम्हां कामगारांना मे दिनामुळे ठाऊक. त्या शहराच्या दहा सरकारी शाळांत नववी ते अकरावीच्या सुमारे पावणेचार हजार मुलींवर असा प्रयोग होऊन 2023 साली प्रसिद्ध झाला. ‘वर्किंग ऑन वुमनहुड’ नावाच्या या योजनेत शाळेच्या वेळातच मुलींना समुपदेशक बाईंबरोबर गटात बसवतात. हाणामारी, गोळीबार, घरातले मृत्यू पाहिलेल्या त्या मुली. झोप लागते का, दचकायला होते का, नको त्या आठवणी येतात का, असे साधे प्रश्न दोन्ही बाजूंच्या मुलींना विचारले. आघाताची लक्षणे गटात बसलेल्या मुलींत शेकडा 22 ने कमी निघाली. मनाचा तळ कोणाला लागला नाही, परंतु झोप लागते की नाही हे मोजता येते, आणि पोरीच्या दृष्टीने ते थोडे नाही.

सगळेच असे मोजता येईल असे आम्ही म्हणत नाही. आठच मुलींचा गट असेल तर चिठ्ठीने काही कळणार नाही. आकडा नशिबावर हेलकावे खाईल. ताई आणि मुलगी यांच्यात जे घडले त्याची गोष्ट आकड्यात येत नाही. ती ऐकायला माणूसच लागतो. आणि अजमेरला जे झाले ते सोलापुरात होईलच, हे अजमेरचा आकडा सांगू शकत नाही. टांझानियाने ते शिकवलेच आहे. म्हणून इथे मोजायचे तर इथेच मोजावे लागेल.

आमच्या बाया शेवटी चिठ्ठीला तयार झाल्या, परंतु अटी घालून. चिठ्ठ्या बंद खोलीत नव्हे, मोहल्ल्याच्या चौकात सर्वांसमोर निघाल्या पाहिजेत. ज्यांची निघाली नाही त्यांची नावे पुढल्या फेरीसाठी लिहून ठेवली पाहिजेत, आणि त्यांना ‘तुलनेच्या मुली’ म्हणून नुसते प्रश्न विचारायला येणाऱ्या माणसाने त्यांच्या तासाचा मोबदला दिला पाहिजे, कारण त्या तासात विड्या वळून होतात. काय मोजणार ते आधी कागदावर लिहून जाहीर केले पाहिजे; मागाहून जे बरे दिसेल ते मोजले असे चालणार नाही. ही शेवटची अट आमच्या बायकांनी स्वतःच्या अकलेने घातली. अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेने अशा प्रयोगांची आगाऊ नोंद करण्यासाठी 2013 पासून एक नोंदवही ठेवली आहे, हे आम्हांला मागाहून वाचनात आढळले.

आणि निकाल चौकातच वाचायचा, मराठीत आणि तेलुगूत, बरा असो वा वाईट. यावर चिठ्ठीला विरोध करणारी तीच बाई पुन्हा उठली. निकाल वाईट आला तर ताईला काढणार, की योजना दुरुस्त करणार, असे तिने विचारले. ताई म्हणून ज्या पोरी नेमायच्या त्याही आमच्याच मोहल्ल्यातल्या, महिन्याच्या मानधनावर. तेव्हा त्यांच्या मानधनाचे काय होणार, हेही चिठ्ठ्या टाकण्यापूर्वीच लिहून घ्यायचे ठरले. तो मसुदा सध्या तयार होत आहे.